तिकडची शपथ, इकडचा सातबारा

कुंभार पिंपळगावातल्या एखाद्या घरी अमेरिकेहून मुलाचा फोन येतो. ‘बाबा, आज शपथ झाली. मी सिटिझन झालो.’ घरात पेढे वाटले जातात. पण आनंद ओसरला की एक प्रश्न मागे उरतो आणि तो सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. म्हणजे आता हा इथला राहिला नाही का? वडिलांच्या डोळ्यांपुढे सातबारा येतो, भावाला मतदार यादी आठवते आणि आईला एवढेच कळून घ्यायचे असते की, पुढच्या दिवाळीला तो येऊ शकेल ना.

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरे कायद्यात आहेत. शपथविधी सातासमुद्रापार होतो, पण त्याचा परिणाम त्याच दिवशी घनसावंगी तालुक्यातल्या या गावापर्यंत पोहोचतो. तिकडे एक नागरिकत्व मिळते, त्याच क्षणी इकडचे संपते. तिकडे मोठा समारंभ होतो, इकडे साधी नोटीसही येत नाही. म्हणून नागरिकत्वाच्या शेवटच्या पायऱ्या नीट समजून घेणे जितके परदेशी गेलेल्या मुलांचे काम आहे, तितकेच गावात राहिलेल्या माणसांचेही आहे.

अर्ज न करता मिळालेले नागरिकत्व

आपल्यापैकी बहुतेकांनी नागरिकत्वासाठी कधी अर्ज केलेला नाही. मात्र मराठवाड्यातल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने आपले नागरिकत्व बदलताना पाहिले आहे. कुंभार पिंपळगावचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा भेद होता. सरकारी नोकरीसाठी माणूस मुल्की असावा लागे. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे तर संस्थानात किमान १५ वर्षे वास्तव्य हवे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिल्याचे प्रतिज्ञापत्र हवे, असा नियम होता. आज जगभर नागरिकत्व देताना जे मागितले जाते, त्याचा सांगाडा या जुन्या नियमातही दिसतो : ठरावीक वर्षांचे वास्तव्य आणि ‘आता मी इथलाच’ ही लेखी कबुली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना पूर्णपणे लागू झाली आणि संस्थान भारतीय संघराज्याचे एक राज्य बनले. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने सांगितले की, ज्याचे कायमचे घर भारताच्या भूमीवर आहे आणि जो स्वतः इथे जन्मला, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी एक इथे जन्मला, किंवा जो त्याआधी किमान पाच वर्षे इथे राहत होता, तो भारताचा नागरिक. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला आणि चाकावर मडके घडवणाऱ्या कुंभाराला कुठला अर्ज भरावा लागला नाही, कुठली परीक्षा द्यावी लागली नाही. पुढे गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या आदेशाने गोमंतकीयांनाही असेच एकगठ्ठा भारतीय नागरिकत्व मिळाले. ज्यांना पोर्तुगीजच राहायचे होते, त्यांना तसे कळवण्याची मुभा होती.

देश माणसाकडे चालत आला, तेव्हा काही मागावे लागले नाही. माणूस दुसऱ्या देशाकडे चालत जातो, तेव्हा त्याला प्रत्येक पायरी स्वतः चढावी लागते.

शेवटच्या पायऱ्या

मराठी माणसे आज अनेक देशांत आहेत, पण उदाहरणासाठी अमेरिका घेऊ, कारण तिथली पद्धत टप्प्याटप्प्याने समजून घेता येते.

ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. तो कायम वास्तव्याचा परवाना आहे. ग्रीन कार्डवरचा मुलगा भारताचाच नागरिक असतो आणि भारतीय पासपोर्टवर प्रवास करतो. साधारणपणे ग्रीन कार्डला पाच वर्षे झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि दोघे एकत्र राहत असतील तर ही मुदत तीन वर्षांची आहे. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने माणूस प्रत्यक्ष अमेरिकेत असावा लागतो. त्यामुळे गावी आल्याच्या आणि परत गेल्याच्या तारखा अर्जात नोंदवाव्या लागतात. वडिलांच्या आजारपणात काढलेले चार महिने, बहिणीच्या लग्नासाठीचे तीन आठवडे, सगळे हिशेबात धरले जाते. मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज देता येतो.

अर्जानंतर बोटांचे ठसे घेतले जातात आणि त्यावरून गुन्हेगारीची नोंद तपासली जाते. मग मुलाखत. अधिकारी अर्ज समोर ठेवून ओळीओळीने प्रश्न विचारतो : कर भरले का, कधी अटक झाली का, आधी कुठे राहत होता, आता कुठे राहता. याच संभाषणातून अर्जदाराचे बोली इंग्रजी तपासले जाते. एक वाक्य वाचायला लावतात, एक लिहायला. त्यानंतर इतिहास आणि राज्यव्यवस्थेचे तोंडी प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. यादी आधीच सर्वांसाठी खुली असते, त्यामुळे परीक्षेत फसवणुकीचा भाग नाही, अभ्यासाचा आहे. पहिल्यांदा जमले नाही तर त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते.

मराठी माणसाची अडचण पुष्कळदा वेगळ्याच ठिकाणी येते. ती म्हणजे नाव. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी रीत. कुठे मधले नाव पूर्ण लिहिलेले, कुठे एकच अक्षर, कुठे गाळलेलेच. लग्नात मुलीचे आडनाव बदलते आणि अनेक घरांत तिचे पाळण्यातले नावही बदलते. मग दहावीच्या सनदेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरीच मांडणी. आई-वडिलांच्या जुन्या दाखल्यांत तर जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन असते. अशा घरांनी राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाहाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळे एका फायलीत आधीच लावून ठेवावे. अमेरिकेत नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलून मागता येते. मात्र असा बदल न्यायालयाच्या अधिकारात होत असल्याने त्या माणसाची शपथही न्यायालयीन समारंभात होते.

आईची परीक्षा मराठीत

मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक झाली आणि वयाने एकवीस पूर्ण असली की, आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. अशा वाटेने गेलेल्या आई-वडिलांवरही एक दिवस नागरिकत्वाची वेळ येते. ज्या बाईचे आयुष्य खुरपणी-निंदणीत गेले, तिने उतारवयात इंग्रजीत परीक्षा कशी द्यायची?

अमेरिकेच्या कायद्यात तिची सोय आहे. अर्ज करताना वय ५० पूर्ण असेल आणि ग्रीन कार्डला २० वर्षे झाली असतील, किंवा वय ५५ असेल आणि १५ वर्षे झाली असतील, तर इंग्रजीची अट माफ होते. राज्यव्यवस्थेचे प्रश्न दुभाष्याच्या मदतीने आपल्या भाषेत विचारले जातात आणि उत्तरेही आपल्या भाषेत देता येतात. वय ६५ आणि ग्रीन कार्डला २० वर्षे असतील तर अभ्यासही हलका होतो : निवडक २० प्रश्नांची यादी, त्यातले दहा विचारायचे आणि सहा बरोबर यायला हवेत. म्हणजे अमेरिकेच्या घटनेविषयीचे प्रश्न मराठीत ऐकून मराठीत उत्तरे देणारी आई नागरिक होऊ शकते. ही सवलत ठाऊक नसल्याने अनेक वडीलधारी माणसे अर्जच करत नाहीत, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

इतर देशांतही ढाचा असाच आहे, आकडे वेगळे आहेत. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवसांचे वास्तव्य आणि २० प्रश्नांपैकी १५ बरोबर. ब्रिटनमध्ये २४ प्रश्नांपैकी १८ बरोबर. ऑस्ट्रेलियात २० प्रश्न असतात आणि त्यातले देशाच्या मूल्यांविषयीचे पाचही प्रश्न बरोबर यावेच लागतात. शेवटची पायरी मात्र या सगळ्या देशांत एकच आहे, शपथ.

शपथेचा दिवस

मुलाखतीत पास झालेला माणूस अजून नागरिक झालेला नसतो. नागरिकत्व लागू होते ते शपथेने. समारंभाचे बोलावणे येते, त्यासोबत एक छोटा प्रश्नार्ज असतो. मुलाखत झाल्यापासून परदेशी गेला होता का, लग्न किंवा घटस्फोट झाला का, काही गुन्हा घडला का, हे त्यात विचारलेले असते. समारंभाच्या ठिकाणी पोहोचताच ग्रीन कार्ड परत घेतात. ज्या कार्डासाठी दहा-पंधरा वर्षे वाट पाहिली, ते अशा रीतीने हातातून जाते.

मग अनेक देशांतून आलेली माणसे एकत्र उभी राहून उजवा हात वर करतात. शपथेच्या पहिल्याच भागात दुसऱ्या कोणत्याही राजा, राज्य वा सार्वभौम सत्तेशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडल्याचे म्हणावे लागते. त्यानंतर अमेरिकेच्या घटनेचे आणि कायद्यांचे रक्षण करण्याचे वचन येते. कायद्याने सांगितल्यास शस्त्र हाती घेण्याचेही वचन असते. ज्याची धर्मश्रद्धा किंवा सदसद्विवेक शस्त्राला आड येतो, त्याला तेवढा भाग वगळून शपथ घेता येते, मात्र ते आधी मागावे लागते.

शपथेनंतर प्रमाणपत्र मिळते. तिथून निघण्यापूर्वी त्यावरचे नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर वाचून पाहावी, कारण चूक राहिली तर ती नंतर दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. आई किंवा वडील नागरिक झाले की, त्यांच्यासोबत ग्रीन कार्डवर राहणारी अठरा वर्षांखालची मुले २००० साली झालेल्या कायद्यानुसार आपोआप नागरिक होतात. त्यांना शपथ लागत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड गेलेले असते, अमेरिकन पासपोर्ट अजून हातात नसतो आणि भारतीय पासपोर्ट आता वापरायचा नसतो. त्या मधल्या काळात प्रवास करता येत नाही. म्हणून शपथेच्या आसपासच्या दिवसांत गावाकडचे तिकीट काढू नये आणि समारंभ होताच पासपोर्टचा अर्ज करावा. आईचा दिवाळीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे.

दिलेले नागरिकत्व परत मागितले तेव्हा

या प्रमाणपत्राची किंमत समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते. त्या काळी अमेरिकेत फक्त ‘मुक्त गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या माणसालाच असे नागरिकत्व मिळे. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० च्या सुमारास न्यायालयाने नागरिक मानले. अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नागरिक झाले आणि पुढे वकिली करू लागले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद यांची नागरिकत्वाच्या खटल्यातली बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली ती याच पंडितांनी. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल विरोधात गेला. भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, असे न्यायालयाने ठरवले.

त्यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करायला सुरुवात केली. अनेकांची गेली. मग पंडितांवरही खटला झाला. त्यांनी सांगितले की, न्यायालयाने दिलेल्या नागरिकत्वावर विश्वास ठेवून मी संसार मांडला, जमीन घेतली, वकिलीची सनद मिळवली. एकदा अंतिम झालेला निवाडा सरकारला असा उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला. त्यामुळे भारतीयांची नागरिकत्वे काढून घेण्याची ती मोहीम थांबली. १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी नागरिकत्वाचे दार अधिकृतपणे उघडले, तरी वर्षाला जेमतेम शंभर स्थलांतरितांचाच कोटा होता. १९६५ च्या कायद्याने ही कोट्याची पद्धत मोडली आणि मग मराठी इंजिनिअर-डॉक्टरांची पिढी तिकडे जाऊ शकली. आज शपथेच्या सभागृहात उजवा हात वर करणाऱ्या मराठी मुलीच्या मागे सखाराम गणेश पंडितांची लढाई उभी आहे.

इकडे काय बदलते

आता गावाकडे येऊ. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या नवव्या कलमानुसार, जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व तत्क्षणी संपते. त्यासाठी कुठला आदेश निघावा लागत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे भारतीय पासपोर्ट वकिलातीमार्फत जमा करून तसे प्रमाणपत्र घेणे. मुदत शिल्लक आहे म्हणून जुन्या पासपोर्टवर प्रवास करणे हा गुन्हा आहे, उशीर केला तर दंडही होऊ शकतो.

त्यानंतर ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीची ही नोंदणी २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर सुरू झाली. तिने आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, भारतात कितीही दिवस राहता येते. पण नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. ओसीआय कार्डधारकाला मत देता येत नाही आणि निवडणूक लढवता येत नाही.

मतदार यादीचे नियमही यावरून ठरतात. ग्रीन कार्डवर असलेला मुलगा भारताचा नागरिक असल्याने प्रवासी मतदार म्हणून नमुना ६-अ भरून गावच्या यादीत नाव ठेवू शकतो आणि मतदानाच्या दिवशी स्वतः येऊन मत देऊ शकतो. शपथ झाली की हा हक्क संपतो. मग नमुना ७ भरून नाव कमी करून घेणे हे त्याचे आणि घरच्यांचे कर्तव्य आहे. ‘असू दे यादीत, कोण बघतंय’ असे म्हणू नये. ते नाव बेकायदा ठरते आणि दुसऱ्याच्या हातून त्याचा दुरुपयोग होऊ शकतो.

राहिला सातबारा. कापूस, ऊस, मोसंबीच्या या पट्ट्यात खरी काळजी जमिनीचीच असते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या नियमांनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. हा नियम परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, म्हणजे ही बंदी शपथेमुळे नव्याने आलेली नसते. आणि वडिलोपार्जित जमीन? ती वारसाने मिळते. परदेशी नागरिक झाला म्हणून मुलाचा वारसाहक्क जात नाही, मुलीचाही जात नाही. वडिलांच्या पश्चात गाव नमुना ६ क या वारस नोंदवहीत तिकडच्या मुलामुलींची नावे यायला हवीत आणि त्यावरून फेरफार होऊन ती सातबारावर लागायला हवीत. ‘ती आता अमेरिकेची झाली’ असे म्हणून बहिणीचे नाव गाळणे कायद्यात बसत नाही.

ती जमीन पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. शिवाय मराठवाड्यात आजही १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, त्यामुळे घेणारा शेतकरी आहे की नाही, हेही पाहिले जाते. संस्थान गेले, पण त्याचे नाव आजही इथल्या जमिनीच्या व्यवहारात येते. व्यवहारासाठी दरवेळी येणे शक्य नसेल तर वकिलातीतून साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र भावाच्या किंवा विश्वासातल्या माणसाच्या नावे देता येते.

उलट्या वाटेने आलेली माणसे

ही वाट दोन्ही बाजूंनी चालली गेली आहे. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये १९४१ साली जन्मलेल्या गेल ऑमव्हेट संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीवर त्यांनी पीएच.डी. केली, भारत पाटणकरांशी लग्न केले, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केले आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. २०२१ मध्ये त्या गेल्या त्या कासेगावकर म्हणूनच.

परदेशी माणसाला नैसर्गिकीकरणाने, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे, भारतीय व्हायचे असेल तर अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य हवे आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे. जुने नागरिकत्व सोडावे लागते. आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. त्या अनुसूचीत मराठी आहे. हिंदी-इंग्रजी न येणारा, पण मराठी नीट बोलणारा परदेशी माणूस भाषेच्या अटीत बसतो, हे आपण लक्षात ठेवावे असे आहे. अर्जाची छाननी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. म्हणजे कुंभार पिंपळगावात राहणाऱ्या परदेशी सुनेचा कागदही जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातूनच पुढे जाईल.

परदेशी नागरिक झालेल्या आपल्या मुलांसाठीही दार बंद नाही. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असले, तर नोंदणीने पुन्हा भारतीय नागरिक होता येते. तेव्हा तिकडचे नागरिकत्व सोडावे लागते आणि भारताच्या घटनेशी निष्ठा, कायद्यांचे पालन आणि नागरिकाची कर्तव्ये यांची शपथ घ्यावी लागते. जन्माने नागरिक झालेल्या आपल्याला ती शपथ कुणी दिली नाही, पण तिच्यातली कर्तव्ये आपलीही आहेत.

घरात ठेवायचे कागद

म्हणून मुलगा किंवा मुलगी शपथेनंतर पहिल्यांदा गावी येईल, तेव्हा एक सकाळ कागदांसाठी काढावी. मतदार यादीतले नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा. ओसीआय कार्डाची आणि पासपोर्ट जमा केल्याच्या प्रमाणपत्राची प्रत घरच्या ट्रंकेत ठेवावी. सातबारा, आठ-अ आणि पासपोर्ट यांवरची नावे जुळवून पाहावीत. फरक असेल तर वडील हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावा, कारण नंतर दोन देशांतल्या दोन वेगवेगळ्या नावांचा माणूस एकच आहे, हे सिद्ध करायला भावंडांची दमछाक होते.

आणि वडिलांनी मनात ठेवलेला प्रश्न? हा इथला राहिला नाही का? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. तो इथला मतदार राहिला नाही, वारस राहिला आहे. ग्रामपंचायतीत कोण बसेल, हे आता त्याच्याविना ठरेल. पण बांधावरच्या लिंबाखाली वडिलांसोबत तो उभा राहील, तेव्हा त्या मातीवर त्याचाही हक्क असेल, आणि तिची काळजी घेण्याचे ओझेही त्याच्या वाट्याला असेल.